पेडल अजून मऊच

१७ ऑगस्ट, रविवार

निघालं! पुढचं डावं चाक एकदाचं निघालं! सकाळपासून हातोडी मारून मारून दंडाचा भुगा झाला. ड्रम सुटला तेव्हा आतून मूठभर गंज पडला आणि एक मेलेली गोम. ब्रेकचे लायनर ड्रमला असे चिकटले होते की सासरी निघालेल्या पोरीने आईचा पदर धरावा. बारा वर्षं फियाट छपरीत उभी आहे; इंजिन अधूनमधून चालू करत राहिलो, चाक मात्र हललं नाही. बसलेलं ढोर उठवता येतं. उभं राहून राहून आखडलेलं उठवणं कठीण.

चंद्रभान ड्रममध्ये डोकं घालून बघत होता. पूर्वी बापाबरोबर फियाटीच करायचा. आता राजापेठेत त्याच्या दुकानात सगळ्या स्कूट्या. म्हणाला, "काका, होईन. पण ब्रेकचं जुनं काहीच राहणार नाही."

म्हटलं, "कर बाप्पा. माणसाचं तरी कुठं राहते!"

खुशीच्या लग्नाची तारीख निघाली. सत्तावीस नोव्हेंबर. पोरगा बार्शीटाकळीचा, जीवन नाव, शांत वाटतो. सुपारी फुटली त्या दिवशी पाहुण्यांसमोर आमची नात बिनधास्त म्हणाली, "मी आबाच्या फियाटातच सासरी जाईन. अन् चालवतीन आबाच!" सगळे हसले. मी नाही हसलो, छपरीत जाऊन फियाटीवरची धूळ पुसून आलो.

माझी बहीण चंदा फियाटातून गेली. माझ्या दोन्ही लेकी फियाटातून गेल्या. चालवायला दरवेळी मीच. नवरदेवाकडची गाडी पुढे आणि लेक आपल्या गाडीत — त्यांच्या दारापर्यंत. उतरेपर्यंत ती आपलीच. खुशी लहान असताना मागच्या सीटवर टॉवेलचा पदर घेऊन बसायची. "आबा, चला सासरी!" आणि फाटकापर्यंत गेलो की रडायची. खरं रडायची!

शेखरने नंतर मला बाजूला घेतलं. "बाबा, दिवाळीपर्यंत ब्रेक झाला अन् मी डोळ्यानं पाह्यला तं ठीक. नाही तं मी भाड्याची गाडी सांगतो. पोरीच्या जिवाचा सवाल आहे."

बाप आहे तिचा. बरोबरच बोलला.

१८ ऑगस्ट

चारही चाकं निघाली. गाडी लाकडी ठोकळ्यांवर. बाजेवर टाकलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते. मी तिकडे बघणं टाळतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज घरात आग लागली म्हणा.

उद्या पोळा, म्हणजे आज बैलांचे खांदे लोण्या-हळदीने शेकायचे. बैल आमच्याकडे आता कुठे! शेंदूरजनाघाटचा मळा पुतण्याकडे, तोही ट्रॅक्टरवाला. पण माझ्या बायकोच्या, माणिकच्या अंगातली शेतकरीण जात नाही. मी चंद्रभानकडे गेलो होतो. आलो तर ही छपरीत. एका हातात लोणी-हळदीची वाटी, दुसऱ्या हातात पळसाचं पान. गाडीच्या चाकांच्या जागी, जिथे नुसते ब्रेकचे सांगाडे उघडे आहेत, तिथे प्रेमानं लोणी चोळून राहिली! आणि म्हणते काय — "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." बैलाला म्हणतात तसंच.

मी ओरडलो. "अवं, काय करून राहिली! ब्रेकले लोणी लागलं तं गाडी थांबन कशी?"

"बैलाचा खांदा शेकला तं बैल जोमानं चालते."

"चालते! मले थांबवाची आहे!"

"मग तुमची गाडीच उलट्या खोपडीची," म्हणाली आणि वाटी तिथेच आपटून आत गेली.

लायनर अजून जुनेच होते, जाणारच होते. एवढं ओरडायला नको होतं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि बंदुकीतून गेलेली गोळी.

२२ ऑगस्ट

पोळा. पुरणपोळी मिळाली. बोलणं नाही मिळालं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

माणिक बोलायला लागली. पहिलं वाक्य — "शुगरच्या गोळ्या घेतल्या का?" घेतल्या म्हटलं. कधी घेतो, कधी राहते. ब्रेकच्या नादात कशाचं काय.

एक मात्र चांगलं झालं. वर्षभर पायाला मुंग्या यायच्या, झोपू देत नव्हत्या. आता बंद! पोळ्यापासून तर एकदम शांत. खाली बसून काम करतो, पाय चालतात, त्याचाच गुण असावा. माणिकला सांगितलं तर म्हणाली, "तरी डॉक्टरले दाखवून द्या." बरं झालेलं दाखवायला कोण डॉक्टरकडे जातं!

२ सप्टेंबर, मंगळवार

अकोल्याला जाऊन आलो, एसटीने. नत्थुजींच्या दुकानात. जुन्या गाड्यांच्या ब्रेकला लायनर चढवणारे त्या भागात आता तेच उरले. डोळ्याला जाड भिंग, पण रिव्हेट मारताना बघत नाहीत, ऐकतात. ठोका पक्का बसला की आवाज बदलतो म्हणे. चारही चाकांच्या ब्रेकचे जोड पिशवीत घेऊन गेलो होतो, खांदा निखळला.

नत्थुजी म्हणाले, "शेषराव, काहून एवढा आटापिटा? इकून टाका. आता हे गाडी चालवाचं वय आहे का आपलं?"

म्हटलं, "नातीले सासरी घालाची आहे."

त्यावर चहा सांगितला. आणि लायनर स्वतःच्या हाताने बसवून दिले, पोराला हात लावू दिला नाही.

परत येताना बसस्टँडवर मागून एक बाई ओरडून राहिली — "ओ बाबा! ओ बाबा! चप्पल!" वळून पाहिलं तर माझी डाव्या-उजव्यातली एक चप्पल वीस पावलं मागे पडलेली, आणि मी तसाच चालून राहिलो, डांबर तापलेलं. लोक हसले. मीही हसलो. डोक्यात लायनर भरलेले असले की पायाकडे कोण बघतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

सगळं बसलं! नवे लायनर, लेथवर साफ केलेले ड्रम, चाकातल्या चारही सिलिंडरची रबरं नवी, नळ्या नव्या. पेडलखालचं मोठं सिलिंडर — जिथून तेल पुढे ढकललं जातं — तेही चंद्रभानने घासून चकचकीत केलं. चाकांवर उभी राहिल्यावर गाडी कशी दिसली म्हणून सांगू! न्हाऊन आलेल्या म्हशीसारखी.

आता हवा काढायची. एकाने पेडल मारायचं, एकाने चाकाजवळ बसून छोटा बोल्ट सोडायचा. तेलाबरोबर बुडबुडे निघतात. बुडबुडे संपले की पेडल कडक होतं, दगडासारखं. कडक झालं की ब्रेक झाला. इतकं सोपं.

चंद्रभान म्हणाला, "काका, तुमी आराम करा. मी शेखरभाऊले बसवतो पेडलवर."

नाही म्हटलं. आमच्या बापाचं एक होतं. संत्र्याची गाडी घेऊन वरूडला जायचा, पण कासरा कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. "दोघांचे हात लागले की बैल एकाचंही ऐकत नाही." फियाट घेतली त्या दिवसापासून त्या जागेवर मीच बसलो. शेखर कॉलेजात असताना रडला होता चावीसाठी. तेव्हाही नाही.

मी चप्पल काढून बसलो. ब्रेक अनवाणी पायाला कळतो, चपलेतून नाही.

"मारा काका... मारा... दाबून धरा!"

"धरलं!"

"सोडा. कडक झालं का?"

"नाही रे."

संध्याकाळपर्यंत हेच. चारही चाकं. तेलाचा डबा संपला. पेडल मऊच! जणू लोण्यात पाय घालून राहिलो.

१२ सप्टेंबर

परत तेच. चंद्रभान चिडला, आत वाकून हाताने पेडल दाबून बघितलं.

"मले तं कडकच लागून राह्यलं, काका."

"हातानं काय कळते बे? ब्रेक पायानं लागते."

"आता काय सांगू," म्हणाला आणि परत चाकाखाली गेला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रबरं खराब असतील. आजकाल डबीवर एक, आत भलतंच. अकोल्याहून नत्थुजींकडून दुसरी मागवली. परत सगळं उघडलं. परत सगळं भरलं.

मऊच.

चंद्रभान दुपारी स्कूट्या सोडून येतो, त्याचेही गिऱ्हाईक खोळंबतात. तोंडाने बोलत नाही, पण पाने आपटून ठेवतो.

खुशी कॉलेजातून आल्यावर छपरीच्या उंबऱ्यावर बसते. "आबा, झालं?" आधी मी म्हणायचो, "होतेच आता." आज तिने विचारलं नाही. नुसतं बघितलं, आणि चहा आणून ठेवला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

हे लिहू की नको असं वाटतंय. लिहितो.

सकाळी पूजा केली. झेंडूची माळ — बारा वर्षांनी पूजा, माळेत तरी कंजुषी नको म्हणून टोपलंभर फुलं लावली. चाकांखाली लिंबं ठेवली. माणिकने नारळ वाढवला. चंद्रभान म्हणाला, "काका, चाकं उचलून फिरवून पाह्यलं मी, तुमी पेडल दाबलं की चारही थांबतात. चालवून पाहा हळू." मी म्हटलं पेडल मऊ आहे. तो म्हणाला, "मऊ तं मऊ. थांबते ना?"

लिंबं फुटली. गाडी छपरीतून बाहेर आली! बारा वर्षांनी! रागिणी — आमची सून — टाळ्या वाजवून राहिली, खुशी मोबाईलवर शूटिंग. पहिल्या गिअरमध्ये अंगणातून फाटकाकडे. फाटकाशी ब्रेक दाबला.

थांबली नाही.

दाबला. अजून दाबला! गाडी आपली चालूनच राहिली, जशी काही माझी नव्हेच. कडुनिंबावर जाऊन धडकली. वेग नव्हता म्हणून बंपर वाकला तेवढ्यावर निभावलं. झाडाखालची चिमण्यांची पाण्याची परळ फुटली.

पाय पेडलवरच होता. शपथ!

खुशीने मोबाईल खाली केला. शेखर आला, बंपर बघितला, माझ्याकडे बघितलं नाही. "बाबा, यात पोरगी बसली असती तं?"

माळेतली फुलं बॉनेटवरून ओघळत होती. सोनं वाटायला कुठे गेलोच नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

चंद्रभानशी तुटलं.

मीच म्हटलं, "तुझ्या बापाच्या हातात कला होती. तुझ्या हातात स्कूटीच बऱ्या." कसं बोललो!

तो हात पुसत उभा राहिला. रागात माणूस सावकाश बोलतो तसा बोलला. "काका, नटापासून बोल्टापर्यंत सगळं नवं टाकलं. चाकं फिरवून पाह्यली. गाडीत दोष नाही. तुमचेच पाय आता बोथट झाले."

"काय म्हणालास?"

"जे म्हणालो ते म्हणालो. उमर झाली, मान्य करा."

मी त्याला निघ म्हटलं. निघाला. पाने माझ्याकडेच विसरला, परत घ्यायलाही आला नाही.

बोथट! मी याच पायांनी ही फियाट चालवत बार्शीटाकळीहून अमरावतीला बायको आणली! माणिकचं माहेर बार्शीटाकळी — आता नातीचं सासरही तिथलंच. बोरगावच्या पुढे म्हशींचा कळप आडवा आला होता, या पायाने अशी दाबली की माणिकच्या मांडीवरचं सुपारीचं बोचकं उडून माझ्या मांडीत पडलं. आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा तेव्हा हसलो.

६ ऑक्टोबर

एकटाच करणार.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चौथीनंतर शाळेत गेलो नाही. जे शिकलो ते उघडून शिकलो — रेडिओ, मोटारपंप, घड्याळ, ही गाडी. उघडलं की समजतंच, असा माझा हिशेब. आज पहिल्यांदा असं झालं की सगळं उघडलं, सगळं डोळ्यासमोर पसरलं आहे आणि समजत नाही. सिलिंडर आरशासारखं. रबरं घट्ट. नळीत कुठे गळती नाही. दोष नसलेल्या गोष्टीत दोष शोधणं म्हणजे भुसा कांडणं.

भरून ठेवताना पुढच्या चाकाच्या नटाची पिन सापडेना. करंगळीएवढीही नाही, पण ती नसली तर नट ढिला होतो. सगळं अंगण झाडलं. माणिकने सूप आणून धूळसुद्धा पाखडली. नाही. नवी आणून टाकली. हरवलेली चीज पायातच असते, असं माणिक म्हणते. कुठे आहे मग!

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

दिवाळी संपली. शेखरची मुदतही.

माणिकने ओवाळलं. तिला साडी दिली, रागिणीने निवडलेली. ताटात काय घालू विचारलं तर हसली. "ब्रेक घाला ताटात, तेवढा राहिला."

संध्याकाळी शेखर छपरीत आला. मी म्हटलं, "एकदा डोळ्यानं पाह्यतो म्हणाला होतास."

"झाडाले ठोकलेली पाह्यली ना, बाबा. अजून काय पाहू?"

वाईट बोलला नाही. माझ्याजवळ ठोकळ्यावर बसला. आपल्या हातांनी माझ्या खांद्यावरचा गंज झाडला. "भाड्याची गाडी सांगून दिली. मोठी आहे. तुमी पुढे बसजा, ड्रायव्हरजवळ. खुशीले सांगू आपण दोघं मिळून."

"मी सांगतो," म्हटलं.

सांगितलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल तुळशीचं लग्न. आज पहाटे उठून परत गाडीखाली. उगीच. सवय झाली.

आणि सापडलं! पेडलखाली ओलं! पायपुसण्यावर डाग, चिकट, लालसर — जुन्या गंजातून आलेलं ब्रेकचं तेल असंच दिसतं. म्हणजे मोठं सिलिंडर गळतं! इतके दिवस तेल इथून जात होतं आणि मी चाकांवर चाकं खोलत बसलो. गंमत म्हणजे आनंदच झाला. दोष मिळाला की निम्मं काम झालं.

सिलिंडर काढलं. पुसलं. दिव्यासमोर धरलं.

कोरडं. ठणठणीत कोरडं.

पेडलखाली मात्र ओलं. पुसलं, परत बसलो, थोडं मारलं — परत ओलं. कुठून येतं! आता मला माझ्या डोळ्यांचाही भरवसा नाही.

६ नोव्हेंबर

अंग कसकसतं. ताप असावा. माणिकला सांगितलं नाही, नाहीतर छपरीला कुलूप लावेल.

९ नोव्हेंबर, रविवार

पत्रिका आल्या. माझं नाव पहिलं. निमंत्रक शेषराव. गाडी चालवू न शकणारा.

खुशी छपरीत आली. मेंदीवालीला किती हात सांगायचे ते माणिक तिला विचारत होती, ते सोडून आली. गाडीचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसली, तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात. मी पुढे होतो. आरशात दिसत होती.

"आबा, राहू द्या आता."

"काहून?"

"तुमी लंगडून राहिले. चार दिवस पाहून राहिली मी. तुमाले काही झालं तं मी कुठी जाऊ फियाटात बसून?"

मी लंगडतो? मला तर कळलं नाही. म्हटलं, "बसून बसून पाय अवघडला."

ती पुढे वाकली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली, लहानपणी ठेवायची तशी. "बाबानं सांगितलं मले. तुमी भाड्याच्या गाडीत पुढे बसजा. मी तुमच्या मागेच बसतीन. तेच झालं ना?"

तेच नाही झालं. ते तिलाही माहीत आहे. पण पोरगी मला समजावते म्हणजे ती सासरी जायला तयार झाली. मीच राहिलो मागे.

"हो बाई," म्हटलं, "तेच झालं."

१२ नोव्हेंबर

गाडीवर ताडपत्री टाकली. दोरी बांधली. गाठ मारताना हात थांबला. कुणाची म्हणून बांधून राहिलो, असं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

माणिकचं काही सांगता येत नाही. सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "एक डाव अखेरचं करून पाहू. मी येतो संग."

"तुले काय समजते त्यातलं?"

"तुमाले समजून कोण्या गावाले पोचली गाडी?"

ताडपत्री काढली. हिला चाकाजवळ पोतं टाकून बसवलं, हातात पाना दिला. पदर खोचून, चष्मा नाकावर, बाई ब्रेकची हवा काढायला बसली! रागिणी दारातून बघून हसून राहिली. "आई, फोटो काढू का?" — "काढ. अन् स्टेटसले ठेव, म्हणा म्हातारा कामाले लावते."

मी पेडलवर. "सोड!" — "सोडलं!" — "आवळ!" — "आवळलं!" आवाज सगळ्या गल्लीत. शेजारचे खुशालराव भिंतीवरून वाकून विचारतात, "शेषराव, गाय व्याली का?"

तासभर हसलो. फार दिवसांनी.

पेडल मऊच राहिलं. पण माणिक म्हणते बुडबुडा एकही येत नाही. नुसतं निव्वळ तेल येतं, धार सरळ. मला खरं वाटत नाही. तिचा चष्मा जुना. उद्या मी स्वतः चाकाजवळ बसून बघणार. पेडलवर कुणाला तरी बसवावं लागेल.

तिलाच बसवतो. कासरा एकदा तिच्या हाती दिला तर बाप काही वरून ओरडणार नाही. आणि ओरडला तर तिला ऐकू जाणार नाही, ती आपल्याच बोलण्यात असते.

१६ नोव्हेंबर, रविवार

माणिक माझ्या जागेवर बसली. पाय पुरेना, पाठीशी उशी दिली. मी चाकाजवळ.

"दाब."

"दाबलं."

"अजून दाब, खालपर्यंत."

"जातच नाही खाली. दगड आहे हो हे!"

बोल्ट सोडलाही नव्हता. उठलो. शेखरला हाक मारली. त्याने दाबलं. एकदा, दोनदा. चेहरा उजळला. "बाबा! ब्रेक तं झकास आहे! फियाट जाईन बार्शीटाकळीले!" खुशी धावत आली.

मी त्याला उठवलं आणि बसलो. चप्पल काढली. दाबलं.

मऊ. लोणी.

"बघ," म्हटलं, "मऊच आहे."

शेखरचं हसू तिथेच विरलं.

माणिक खाली उकिडवी बसली होती. पेडलखालच्या ओलीला बोट लावलं, नाकाशी नेलं. "हे तेल नाही हो," म्हणाली. मग माझा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि तळवा उजेडाकडे वळवला. खुशीने तोंडावर हात ठेवला. माणिकने दोन बोटांत काहीतरी धरून ओढलं. मला कळलंसुद्धा नाही.

पिन सापडली.